दिल्लीत हुमायूनचा मकबरा पाहिल्यावर शेजारच्या सुंदर नर्सरीत जाण्यासारखं आहे का?

नक्की जा, आणि निदान दोन तास तरी हाताशी ठेवा. नावावरून रोपवाटिका वाटते, आणि मुळात ती होतीच. नवी दिल्ली वसवताना रस्त्यांच्या कडेला कोणती झाडं तग धरतील, हे इंग्रजांनी इथे लावून पाहिलं. पुढे अनेक वर्षं ही जागा दुर्लक्षित पडली. आगाखान ट्रस्टने सरकारी खात्यांबरोबर काम करून ती सावरली आणि 2018 मध्ये सुमारे 90 एकरांची बाग लोकांसाठी खुली झाली.

मला सगळ्यात आवडतो तो मधला लांबलचक रस्ता. पाण्याचे पाट, कारंजी, दोन्ही बाजूंना फुलांचे ताटवे, आणि समोर सोळाव्या शतकातला सुंदरवाला बुर्ज, म्हणजे थडग्यावरची घुमटाची इमारत. बाहेरूनच फोटो काढून परत फिरू नका. आत शिरा आणि मान वर करा. छतावर चुन्यात कोरलेली चांदण्यांची नक्षी आहे, ती पाहताना मान दुखली तरी चालेल! लक्कडवाला बुर्जही जवळच आहे. हे दोन्ही बुर्ज मकबऱ्यासोबत जागतिक वारसास्थळात मोडतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे-जूनमध्ये जायचंच असेल तर सकाळी लवकर जा, दुपारचं ऊन सोसत नाही. सुट्टीच्या दिवशी हिरवळीवर डबे घेऊन आलेल्या कुटुंबांची गर्दी असते, त्यामुळे शांतता हवी असेल तर आठवड्यातला मधला वार निवडा. सतरंजी मात्र घरून न्या.