तुमचे प्रश्न : यंत्र मुलांच्या हातात द्या

प्रश्न : आम्ही ऑरेगॉनमध्ये बीव्हर्टनला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. मुलाला शाळेतल्या मित्राकडून जिओकॅशिंगचं, म्हणजे लोकांनी लपवलेले डबे जीपीएसच्या मदतीने शोधायच्या खेळाचं, वेड लागलंय. मी फोनवर ॲप घेऊन एकदा त्यांना नेलं, पण फोन माझ्या हातात आणि मुलं मागून "आई, अजून किती?" करत येणार. दुसऱ्या रविवारी दोघं यायलाच तयार नाहीत. हातात धरायचं वेगळं जीपीएस यंत्र घेतलं तर फरक पडेल का, की तो नुसता खर्च?
— एक आई, बीव्हर्टन

उत्तर : फरक पडेल, आणि त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. फोन तुमच्या हातात होता. हजार डॉलरचा फोन आपण सहा वर्षांच्या मुलीला चिखलात, ओढ्याकाठी धरायला देत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग वाट आपण शोधतो आणि मुलं फक्त चालतात. असं नुसतं चालायला कोणत्या मुलाला आवडेल?

आमच्याकडे गार्मिनचा ईट्रेक्स १० आहे. कृष्णधवल पडदा, दोन एए सेल, पाण्यात पडला तरी चालतो. दोरीने गळ्यात अडकवला की तो आमच्या मुलीचा. आता ती कॉलेजात आहे, यंत्र अजून चालू आहे. नवंच घ्यायला हवं असं नाही. वापरलेलं स्वस्तात मिळतं. रंगीत नकाशांचं महाग यंत्र सुरुवातीला घेऊच नका. मुलांना दिशेचा एक बाण आणि उरलेल्या अंतराचा एक आकडा पुरतो.

ॲपवर दिलेले डब्याचे अक्षांश-रेखांश सुरुवातीला हातानेच यंत्रात भरा, आणि तेही मुलाला भरू द्या. इथे एक गोष्ट जपा. जिओकॅशिंगमध्ये आकडे अंश आणि मिनिटांत देतात, उदाहरणार्थ उत्तर ४५° २९.४६०. मी पहिल्याच दिवशी यंत्राची मांडणी न बघता ते ४५.२९४६० अंश असे टाकले, रेखांशाचंही तसंच केलं. घरामागच्या बागेतला डबा यंत्राने वीस मैलांवर दाखवला! लेक रडकुंडीला आली होती. मिनिटाचा पूर्ण आकडा एकने चुकला तर जवळजवळ दोन किलोमीटरचा फरक पडतो. दशांशातला शेवटचा आकडा चुकला तर दोन मीटरसुद्धा नाही. मुलाला हे एकदा समजावून सांगा. दशांश चिन्हाचा अर्थ त्याला कुठल्याही वहीपेक्षा इथे लवकर कळेल.

दुसरी गोष्ट, साध्या यंत्रांत होकायंत्र नसतं. आपण सरकतो तसतशी दिशा त्याला कळते. मूल थांबलं की बाण भलतीकडे फिरतो आणि त्याला वाटतं, यंत्र बिघडलं. आधी पंधरा-वीस पावलं सरळ चालायला सांगा, मग बाण बघायला.

आणि आकडा दहा मीटरच्या आत आला की यंत्र खिशात. हा आमच्या घरचा नियम आहे आणि तुम्हीही तो कराच. आभाळ मोकळं असेल तरी यंत्र तीन-चार मीटर इकडेतिकडे होतं. इथल्या उंच डग्लस फरच्या झाडीत त्याहून जास्त. बाणामागे गोल गोल फिरण्यात काही हशील नाही. तिथून पुढे डोळे वापरायचे. झाडाची ढोली, उगाच ढीग केल्यासारख्या काटक्या, कुंपणाचा पोकळ खांब. इथे धाकटी जिंकते, कारण तिची नजर जमिनीच्या जवळ असते.

पहिले चार-पाच डबे निवडताना मेहनत घ्या. शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड, असे १ ते ५ चे दोन आकडे प्रत्येक डब्याला असतात. दोन्ही दीडपर्यंतच ठेवा. आकार 'स्मॉल' किंवा 'रेग्युलर' बघा. 'मायक्रो' म्हणजे बोटाएवढी डबी, आत फक्त नावं लिहायची कागदाची सुरळी, मुलं हिरमुसतात. शेवटच्या दोन-तीन जणांनी 'सापडला नाही' असं लिहिलं असेल तर त्या वाटेला जाऊच नका. आपल्या भागात पॉयझन ओक नावाचं खाज आणणारं झुडूप आहे. तीन पानांचा झुबका दिसला की हात लावायचा नाही, हे निघण्याआधी दोघांकडून म्हणून घ्या. घरी आल्यावर मोजे काढून गोचिडी तपासा.

जमलं की एक रविवार बीव्हरक्रीकसाठी ठेवा, हा खेळ तिथेच जन्मला. तुमच्याकडून तासाभराच्या आत आहे. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी सरकार सामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. शंभर मीटरपर्यंत घोळ व्हायचा. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती चूक बंद झाली, आणि ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी बीव्हरक्रीकच्या रानात एक काळी प्लास्टिकची बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, सीडी, एक गलोल आणि घेवड्याचा डबा होता. काही घ्या, काही ठेवा, एवढाच नियम. सगळा खेळ त्या बादलीतून निघाला. आज तिथे स्मृतिफलक आहे. माझ्या मुलीने त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचललाच नाही.

प्रश्न : डब्यातून वस्तू घेतली तर बदल्यात काय ठेवायचं? आमच्याकडे प्लास्टिकच्या खेळण्यांशिवाय काही नाही.
— एक बाबा, सॅन होजे

उत्तर : घेतलं त्याच्या तोडीचं किंवा थोडं चांगलं. खाऊ, काडेपेटी, चाकू कधीच नाही. खाऊच्या वासाने जनावरं डबा फोडतात. आमची मुलगी कवड्या ठेवायची, भारतातून आणलेली पिशवीच होती. काही नसेल तर काही घेऊ नका, डब्यातल्या वहीत नाव लिहा आणि डबा होता तसाच लपवा. पेन्सिल मात्र आपली न्या.

प्रश्न : मुलाकडे सहा महिने आलो आहे. नातवाबरोबर सतरा डबे शोधले. आता हेच यंत्र पुण्याला न्यायचा विचार आहे, तिथे मी रोज तळजाईच्या टेकडीवर जातो. चालेल का?
— एक आजोबा, सिअ‍ॅटल

उत्तर : काका, सतरा म्हणजे कमाल केलीत! यंत्र नुसतं जीपीएसचं असेल तर ते उपग्रहाकडून फक्त ऐकतं, पाठवत काही नाही. पण ज्यातून उपग्रहामार्फत संदेश पाठवता येतो, ते परवान्याशिवाय भारतात मुळीच नेऊ नका. अशी यंत्रं बाळगल्याबद्दल विमानतळांवर प्रवाशांना ताब्यात घेतलेलं आहे. दोन्ही दिसायला सारखीच, म्हणून खोक्यावरचं नाव मुलाकडून नीट वाचून घ्या.

पुण्यात डबे आहेत, इथल्या मानाने विरळ. स्वतः लपवायची हौस असेल तर गर्दीच्या जागी नको. बेवारस डबा दिसला की पोलीस येतात, आणि ते योग्यच आहे. गडांवर तर नकोच. त्यापेक्षा तळजाईवरची तुमची आवडती झाडं यंत्रात एकेक करून नोंदवा आणि ते आकडे नातवाला पाठवा. तो सुट्टीत येईल तेव्हा यंत्र त्याच्या गळ्यात घाला, आणि तुम्ही मागून चाला.