वाचक विचारतात: पहिलं वेल्डिंग मशीन कोणतं घेऊ?

प्रश्न: घरामागे छोटं वर्कशॉप आहे, ग्राइंडर नि ड्रिल आहे, आता वेल्डिंग मशीन घ्यायचंय. कामं म्हणजे टेबलाचा सांगाडा, शेल्फ, छोटं गेट, तुटलेलं काही जोडणं. दुकानदार म्हणतो 250 अँपिअरचंच घ्या, मित्र म्हणतो डायरेक्ट मिग (रॉडऐवजी आपोआप पुढे सरकणाऱ्या वायरने जोडणारं मशीन) घे. होल्डर, म्हणजे रॉड धरायचा चिमटा, अजून हातात धरलेला नाही. काय करू?

उत्तर: आत्ता तरी दोघांचंही ऐकू नका. तुम्ही लिहिलंय ती सगळी कामं 2 ते 4 मिमी जाडीच्या चौकोनी पाइप नि अँगलची आहेत, त्याला 2.5 मिमीचा रॉड लागतो आणि तो 70 ते 90 अँपिअरवर मस्त चालतो, थोडं जाड असेल तर 3.15 चा रॉड, 110-120 वर. मग 250 अँपिअर कशाला हवेत? शिवाय पुढच्या स्टिकरवरचा आकडा सोडा, मागची पट्टी वाचा. तिथे ड्यूटी सायकल लिहिलेली असते, 160 अँपिअरला 60 टक्के म्हणजे दर 10 मिनिटांत 6 मिनिटं वेल्डिंग, 4 मिनिटं आराम. ज्या मशीनवर ही पट्टीच नाही ते मी तरी घेणार नाही.

अर्थात ड्यूटी सायकलचा फार बाऊ पण नको, 2.5 चा एक रॉड मिनिटभरात संपतो, मग थांबायचं, स्लॅग (वेल्डवर जमलेली कडक खपली) ठोकून काढायचा, ब्रश मारायचा, नवीन रॉड लावायचा, तेवढ्यात मशीनला आपोआप दम खायला मिळतो.

मी स्वतः पहिल्यांदा आकड्यालाच भुललो होतो. जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर, उचलायला दोन माणसं, चालू केला की घरातले दिवे मंद व्हायचे नि दुसऱ्या-तिसऱ्या रॉडला एमसीबी पडायचा, आणि मी दोन महिने वायरिंगला शिव्या घालत बसलो 😅 तर आधी लाइनचं बघा. 230 व्होल्ट सिंगल फेजवर 80 अँपिअरचं वेल्डिंग करताना साधं इन्व्हर्टर मशीन (हलकं इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन, घरचा बॅटरीवाला इन्व्हर्टर नव्हे) लाइनमधून साधारण 12-14 अँपिअर खेचतं, म्हणजे 16 अँपिअरचा सॉकेट नि जाड वायर हवीच. बारीक वायरचं लांब एक्स्टेन्शन लावलंत तर व्होल्टेज पडतं, रॉड चिकटतो आणि माणूस म्हणतो मशीन खराब निघालं.

मित्राचं मिग चुकीचं नाही. गाडीचा वगैरे 1 मिमीचा पत्रा जोडायचा असेल तर मिगच बरं, रॉडने त्याला भोकं पडतात. पण मग गॅसचा सिलिंडर आला, रेग्युलेटर आला, वायर फीडर आला, आणि उघड्यावर वारं सुटलं की गॅस उडून वेल्डमध्ये छिद्रं. बिनागॅसची फ्लक्स वायर (आत फ्लक्सची पूड भरलेली) वापरता येते, फक्त त्यासाठी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची जोडणी, बहुतेकदा उलटी करावी लागते, धूरही जास्त. तुमचं काम पत्र्याचं नाही, त्यामुळे 160 ते 200 अँपिअरचं डीसी इन्व्हर्टर आर्क मशीन (म्हणजे रॉडने वेल्डिंग करायचं) घ्या, उरलेल्या पैशात चांगलं हेल्मेट घ्या. ऑटो डार्कनिंग (ठिणगी पेटताच काच आपोआप काळी होणारं) परवडलं तर तेच, काचेची शेड, म्हणजे काळेपणाचा नंबर, 10-11. नवशिक्याचा निम्मा त्रास काच खाली घेताना हात हलतो यातच असतो.

सुरुवात 6013 नंबरच्या रॉडने करा. 7018 नंबरच्या रॉडची घाई नको, तो ओल धरतो, कोरडा ठेवावा लागतो. आणि भंगारातल्या 4-5 मिमीच्या पट्टीवर नुसत्या रेघा मारा, जोडायचं काही नाही. आर्क (रॉडच्या टोकाची विजेची ज्योत) बरोबर असला की एकसारखी चर्र येते, आवाज फुटायला लागला की समजायचं रॉड लांब गेला. रॉड चिकटला तर घाबरून ओढत बसू नका, मनगटाने झटकन पिरगळा, नाहीच सुटला तर होल्डरचा चिमटा दाबून मोकळा करा. अर्थ क्लॅम्प (मशीनची दुसरी वायर लोखंडाला लावायचा चिमटा) रंगावर नको, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावरच.

प्रश्न: जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपचं स्टँड जोडलं, रात्री थंडी वाजून ताप आला, सकाळी ठीक. मशीनचा दोष का?

उत्तर: मशीन नाही हो, तो जस्ताचा धूर. जीआयवरचं जस्त जळून तो पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की काही तासांनी फ्लूसारखं होतं, बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतं. दूध प्यायलं की बाधत नाही असं वेल्डर लोक सांगतात, त्यावर विसंबू नका. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी मास्क लावून ग्राइंडरने काढा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, डोकं धुरात घालू नका. श्वास लागला किंवा छाती भरली तर मात्र सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे जा.