सिमेंटची पिशवी उघडण्याआधी
खानापूरकडच्या वाड्याला ओल येते म्हणून सिमेंटचा गिलावा करतोस म्हणालास. थांब जरा. आमच्या गावच्या देवळात मी हीच चूक होऊ दिली, अजून मनाला लागून आहे. दोन पावसाळे भिंत छान दिसली. तिसऱ्या वर्षी गिलावा फुगला. बोटानं टोकरला तर मागचा जांभा दगड भुगा होऊन ओंजळीत आला.

जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, सोबत क्षार आणतं. चुन्याचा गिलावा ते पाणी हवेत सोडतो, सिमेंटचा वाट अडवतो. मग क्षारांचे स्फटिक दगडाच्या आतच वाढतात आणि त्याला आतून फोडतात. म्हणून गिलावा दगडापेक्षा मऊच हवा. झिजायचं ते चुन्यानं झिजावं.

कळीचा चुना, म्हणजे भाजलेली चुनखडी, पाण्यात विरवून महिनाभर तरी पाण्याखाली ठेव. विरवताना तो उकळतो, डोळ्यांना चष्मा हवाच. घाईनं वापरलास तर न विरलेले खडे भिंतीत फुलतात, फोड येतात. लोण्यासारखा झाला की एकास तीन वाळू घालून आधी हातभर जागेवर लावून बघ. थर पातळ दे, वर ओलं गोणपाट टांग. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, त्याला ओलावा लागतो. काम दिवाळीनंतरच काढ.

आणि या सगळ्याआधी पागोळ्यांचं पाणी पायापासून लांब ने. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन देऊळ, १२०४ ची. रविवारी जाऊन तिचं छप्पर पाणी कुठं टाकतं ते नीट बघ.