कपाशीवर मावा आहे, पण फवारणीआधी ती 'काटेरी अळी' ओळखा

प्रश्न : कपाशी 45 दिवसांची आहे. शेंड्याच्या पानांखाली मावा (रस शोषणारे बारीक किडे) आहे, त्याचा चिकटा म्हणजे गोड चिकट द्रव पडलाय, मुंगळे चढतात. शिवाय राखाडी-काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरतात. दुकानदार दोन औषधं एकत्र मारा म्हणतो. मारू का?

उत्तर : इतक्यात नको. ती अळी ढालकिड्याची (लेडीबर्ड बीटल), म्हणजे मित्रकिडीची आहे. सुसरीसारखी लांबट, पुढे सहा पाय. पाच मिनिटं पान उलटं धरून बघा, एकेक मावा पकडून खाताना दिसेल. पानाला ती तोंड लावत नाही.

माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती थेट पिल्लं घालते आणि आठ-दहा दिवसांत ती पिल्लंही वियायला लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून किडा व्हायला दोन-तीन आठवडे जातात. जहाल फवाऱ्याने दोघंही मेले, तर मावा आधी परततो आणि त्याला खायला शेतात कोणी उरत नाही. 'औषध मारलं तरी मावा दुप्पट झाला' ही तक्रार बहुधा इथलीच.

मुंगळे चिकटा चाटायला येतात आणि बदल्यात ढालकिड्यांना हुसकावतात. मुंगळे दिसले की वर मावा आहे का ते बघाच. फुगलेला, तपकिरी, हलत नसलेला मावा दिसला तर तो मेलेला आहे. त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय. पाठीला गोल भोक असेल तर माशी उडून गेली.

आता मोजणी करा. बांधाकडचं सोडून एकरात 20 झाडं घ्या, प्रत्येकाची वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं. सरासरी पानाला 10 मावा भरत नसेल तर फवारणी नाही.

त्याच्या आसपास असेल तर 5 टक्के निंबोळी अर्क. निंबोळीची 5 किलो पावडर 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यात टाका, एकूण 100 लिटर करा. फवारणी संध्याकाळी, नोझल पानाच्या खालून. अर्क त्याच दिवशी संपवा. शिळा कामाचा नाही.

मोजणी 10 च्या बरीच वर गेली तरच फ्लोनिकामिड 50 डब्ल्यूजी (पाण्यात मिसळायचं दाणेदार कीटकनाशक), 10 लिटर पाण्याला 3 ग्रॅम. एकटंच मारा, सोबत दुसरं काही मिसळू नका.

युरिया जास्त पडला असेल तर पुढचा हप्ता आवरा. कोवळ्या लुसलुशीत पानावर मावा फार वाढतो. पुढच्या वर्षी कडेने चवळीची ओळ लावा. चवळीवरचा काळा मावा वेगळ्या जातीचा, त्यावर ढालकिडे आधीच पोसले जातात. त्या ओळीवर मात्र फवारा नको.