तिसरी हार्ड डिस्क लावली की टक टक आवाज येतो

प्रश्न : नमस्कार ताई, मी सातारा जिल्ह्यात लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. लॅपटॉपला यूएसबीचे दोनच पोर्ट आहेत आणि माझ्याकडे २-२ टीबीच्या तीन छोट्या हार्ड डिस्क, म्हणून ४ पोर्टचा हब घेतला. एक डिस्क लावली तर मस्त चालते, दोन लावल्या तरी कधीकधी चालतात, पण तिसरी लावली की टक टक आवाज येतो आणि कुठली तरी एक गायब होते, टाइमलाइनवर मीडिया ऑफलाइन (फाइल सापडत नाही) असं येतं. दुकानदार म्हणतो डिस्क गेली, नवीन घ्या. खरंच गेली का? सीझन तोंडावर आलाय.

उत्तर : नमस्कार. नवीन डिस्कचे पैसे आत्ताच देऊ नका. एक मस्त चालते, दोन कधीकधी चालतात आणि तिसरी लावली की बिघडतं, यावरून बहुतेक डिस्कला करंट पुरत नाहीये असंच वाटतं. तरी खात्री करून घ्या. हब बाजूला काढा आणि तिन्ही डिस्क एकेक करून थेट लॅपटॉपला लावून बघा. एकटीला लावूनही जी टक टक करते ती मात्र खरंच बिघडत चाललीय, तिच्यावर स्कॅन-रिपेअर काही चालवत बसू नका, आधी त्यातलं लग्न दुसरीकडे कॉपी करा.

आता हबचं. यूएसबी ३ च्या साध्या पोर्टमधून ५ व्होल्टवर ९०० मिलीअँपिअर मिळतात, म्हणजे साडेचार वॅट. छोट्या अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती सगळा करंट त्या केबलमधूनच घेते, आणि सुरू होताना मोटर फिरायला लागते ना तेव्हा एकटीच जवळजवळ तेवढा सगळा करंट ओढते. तुमचा हब विनाअडॅप्टरचा दिसतोय, म्हणजे एका पोर्टचा करंट तो तिघींत वाटतोय. मग मोटर फिरायला जाते, व्होल्टेज पडतं, डिस्क बंद होते, परत फिरायला जाते, तोच तुमचा टक टक. आणि हे लिहिता लिहिता झालं तर फाइल करप्ट होते, पुढे पुढे डिस्कलाही त्रास होतो, म्हणून चालतंय तोवर चालू दे असं करू नका.

उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी ३ चा हब, ज्याला पॉवर्ड हब म्हणतात तो. घेताना अडॅप्टरवर काय छापलंय ते वाचा. ५ व्होल्ट २ अँपिअर असेल तर ते १० वॅटच झाले, तुम्हाला तीन डिस्कला साडेतेरा लागणार, शिवाय थोडी जागा हवी. १२ व्होल्ट ३ अँपिअर म्हणजे ३६ वॅट, तो निवांत चालेल.

आणि एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही, मला ती फार महागात पडली. मे महिन्यात एडिटला बसले होते, वळीव आला आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला त्यामुळे मी निश्चिंत, पण हबचा अडॅप्टर बंद झाला आणि कॉपी चालू असताना तिन्ही डिस्क एकदम बंद पडल्या. एका घरच्या हळदीचं अख्खं फुटेज गेलं, कार्डं आधीच फॉरमॅट केलेली. त्या आईला फोन करून सांगताना जे वाटलं ते अजून विसरले नाही. म्हणून हब इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच लावा आणि फुटेज दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका.

स्पीडची काळजी हबमुळे करू नका. ५ गिगाबिटच्या हबमधून प्रत्यक्षात सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास जातात आणि तुमची एक डिस्क फार तर १००-१२० देते. फक्त हब चुकून यूएसबी २ च्या पोर्टला लावू नका, तिथे ३०-४० वर गाडी अडकते. खरा घोळ वेगळाच आहे. १०० मेगाबिटचं फोरके म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तीन कॅमेरे मिळून साडेसदतीस, हिशोबाने एका डिस्कला सहज जमायला हवं, तरी मल्टिकॅम (तिन्ही कॅमेऱ्यांचं फुटेज एकदम चालवणं) अडकतोच, कारण डिस्कचं हेड तीन फाइलींमध्ये सारखं इकडून तिकडे पळत राहतं. तेव्हा जे लग्न सध्या एडिटला आहे ते एका बाहेरच्या एसएसडीवर ठेवा (एसएसडीत फिरणारं काहीच नाही), कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर, आणि प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) बनवून काम करा. तुमच्या तिन्ही डिस्क मग साठवणीला आणि बॅकअपला. खरं तर असं केलंत तर तिन्ही एका वेळी लावायची वेळच कमी येईल.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन प्रत्येक डिस्कला कायमचं अक्षर देऊन टाका, आर, एस, टी असं शेवटचं काहीतरी, आणि तेच अक्षर डिस्कवर चिकटवा. अक्षर बदललं की सॉफ्टवेअरला फाइल सापडत नाही, तुमचं काही मीडिया ऑफलाइन त्यामुळेही असू शकतं.

प्रश्न : ताई, मी विंडोजवर एडिट करते आणि भाऊ कलर (व्हिडिओचे रंग सुधारायचं काम) मॅकबुकवर करतो. माझी डिस्क त्याच्याकडे उघडते पण त्यात काही सेव्हच होत नाही. काय करू?

उत्तर : तुमची डिस्क बहुतेक एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवायची पद्धत) आहे, मॅक ती वाचतो पण त्यावर लिहीत नाही. डेटा दुसरीकडे काढून डिस्क एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा, दोन्हीकडे चालेल. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट डिस्कची केबल काम चालू असताना ओढली तर ती लवकर बिघडते, म्हणून भावाला सांगा आधी इजेक्ट कर, मगच काढ. ती डिस्क फक्त ने-आण करायला ठेवा, मूळ फुटेज तुमच्याकडच्या डिस्कवर राहू द्या.