लष्करातून परतलेल्या मुलाच्या मानसिक आघाताचा त्याच्या आईवडिलांवरही परिणाम होतो का?

भाऊ पेन्शनवर आल्यापासून रात्री ओरडत उठतो आणि आता आईचीही झोप उडालीय, असं तुम्ही लिहिलंय. होय, परिणाम होतो. मी सातारा जिल्ह्यातला शेतकरी, असाच एका फौजीचा बाप.

आमचा मुलगा १६ वर्षं नोकरी करून ३५व्या वर्षी घरी आला. शेवटची काही वर्षं राष्ट्रीय रायफल्समध्ये, काश्मीरला होता. गावानं हलगी लावून वेशीपासून मिरवत आणला. पुढच्याच महिन्यात आमच्या आळीतून वरात निघाली, फटाक्यांची माळ लागली आणि हा गोठ्यात म्हशीच्या आडोशाला जाऊन बसला. अंगाला दरदरून घाम. त्या दिवसापासून त्याच्या आईनं कुकर लावणं बंद केलं. भात पातेल्यात. ताटं वाजू नयेत म्हणून मध्ये फडकं घालायची. मला वाटायचं, पोरासाठी करतेय. पुढं कळलं, शेजारच्या घरात शिट्टी झाली तरी तिच्याच छातीत धडधडायचं.

एकदा ती त्याला झोपेतून हलवून उठवायला गेली. त्यानं मनगट असं पिरगाळलं की बांगड्या फुटून हातात घुसल्या. मला म्हणाली, गोठ्यात पाय घसरला. मी तरी कुठं खरं बोलत होतो? फवारणीची औषधं गुपचूप चुलतभावाकडे नेऊन ठेवली आणि तिला सांगितलं, घरात वास येतो. रात्र रात्र दोघंही जागे, कान त्याच्या दाराकडे, आणि दोघंही झोपेचं सोंग घेऊन.

भरतीच्या आधी पहाटे ४ वाजता उठवून मीच त्याला कॅनॉलच्या रस्त्यानं पळवायचो, मागं सायकलवर मी. ते मनातून जात नाही. आमच्या भागात, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत, पिढ्यान्‌पिढ्या घराघरातली पोरं सैन्यात. तिथं ‘माझा पोरगा घाबरतो’ हे बाप कुणापाशी बोलणार? ज्यांची पोरं तिरंग्यातून आली, त्या आयांसमोर जित्याजागत्या लेकासाठी रडायचं कसं, म्हणून हिनं बचत गटाच्या बैठकीला जाणंच सोडलं. लोक सांगत, लग्न लावून द्या, देवाला न्या. त्यांचं वाईट नव्हतं मनात, पण प्रत्येक सल्ल्यानंतर ती आणखी गप्प व्हायची.

मुलानं नोकरीत असताना कधी तोंड उघडलं नव्हतं. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेतला तब्येतीचा दर्जा, खाली गेली तर बढती अडेल, ही धास्ती. शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागं राहणारा मानसिक आजार. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल बघून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली हे नाव आपल्या मानसिक आजारांच्या यादीत घातलं. धोका टळला तरी शरीर सावधच राहतं. मग त्यांनी हिला विचारलं, ‘‘ताई, तुम्ही किती तास झोपता?’’ दोन वर्षांत हा प्रश्न तिला कुणीही विचारला नव्हता, मीसुद्धा. ती तिथंच रडायला लागली. रक्तदाब मोजला तर १७० निघाला.

आता तुमच्या घराबद्दल. भावाला उठवायचं तर हात लावू नका, दारातून नाव घेऊन हाक मारा. टेली-मानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, तिचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, आणि तो आईवडिलांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो. डिसेंबर २०२३ पासून पुण्यात एएफएमसी या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी या सेवेचा वेगळा कक्षही आहे. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत आईवडिलांची नावं लागतात, मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. भाऊ मरणाची भाषा बोलला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि आईला डॉक्टरकडे न्याल तेव्हा भावाच्या सोबतीला म्हणून नेऊ नका. तिचा वेगळा केसपेपर काढा.