भाऊ रोज कामावर जाताना पेनकिलर घेतो, याला व्यसन म्हणायचं का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत आहे आणि चार वर्षं झाली, रोज सकाळी डब्याबरोबर दोन गोळ्या खिशात टाकतो. एखाद्या दिवशी गोळी नसली तर अंग ओढतं, चिडचिड करतो, आणि घरातले आता त्याला नशेबाज म्हणायला लागलेत. सगळ्यात आधी ते म्हणणं थांबवा. एकदा हा शब्द कानावर पडला की माणूस गोळ्या लपवून खातो, आणि मग किती खातो ते कुणालाच कळत नाही.

मी बेळगावातच मेडिकलमध्ये काउंटरला आहे, 12 वर्षं झाली. आमचं दुकान वडगावच्या बाजूला, म्हणजे साड्या विणणाऱ्या मागवाल्यांची वस्ती. सकाळी साडेसात ते नऊ या वेळात जे गिऱ्हाईक येतं त्यात तापाखोकल्याचं थोडं. बाकीचे कामावर निघालेले. डबा हँडलला अडकवलेला, गाडी चालूच, "अक्का, दोन दे, कालच्याच." अख्खी स्ट्रिप कुणी घेत नाही. मी कात्रीनं दोन गोळ्या कापून देते, आणि बऱ्याचदा नाव छापलेला तुकडा दुकानातच राहतो. वर्षानुवर्षं गोळी खाणाऱ्याला ती कसली हे माहीत नसतं, त्याला ही कात्रीही जबाबदार आहे. चिठ्ठी न बघता मीही दिल्यात. आता देत नाही, पण दिल्यात.

गोळी का घेतो, याचा हिशेब भावाला तोंडपाठ असणार. दोन गोळ्यांना दहा-पंधरा रुपये. खाडा झाला तर त्या दिवसाचा पगार गेला, वर हजेरीचे पैसे गेले, डॉक्टरची फी आणि रिक्षा वेगळीच. मागावर तर साडीवर मजुरी, माग बंद म्हणजे सगळंच बंद. घेतलेली उचल फिटायची असली की मालकाला "आज येत नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. आमचे बाबा म्हणायचे, "खाडा झाला की शनिवारी घरात तोंड दाखवायला होईना." कंबर धरलेली असतानाही ते मागापुढं उभे राहायचे, कारण दुखणं संध्याकाळपर्यंत सोसता येतं, पण शनिवारचा पगार कमी पडला की घर आठवडाभर सोसतं.

मग ईएसआय, म्हणजे कामगार विमा, नाही का, असं विचाराल. आहे. भावाचा पगार महिना 21,000 रुपयांच्या आत असेल आणि कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर त्याचं कार्ड असायलाच हवं. डॉक्टरनं आजारपणाची रजा लिहून दिली तर पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते, वर्षात 91 दिवसांपर्यंत. पण नव्यानं आजारी पडल्यावर पहिल्या दोन दिवसांचे पैसे त्यात मिळत नाहीत. आणि कंबर धरलेल्या माणसाला बहुतेक वेळा तेवढे दोनच दिवस हवे असतात! घरात चार माग टाकलेल्या शेडला तर कार्डच नाही. 2023 मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, ते चांगलंच झालं, पण ती दवाखान्यात दाखल झाल्यावरची मदत. बुडालेली मजुरी त्यातून भरून येत नाही. त्याच 2023 साली कर्नाटकानं फॅक्टरी कायदा बदलून तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 75 तासांवरून 144 तासांवर नेली. सुट्टी महाग आणि जादा तास मोकळे, अशात अंगाला थांबायला जागाच उरत नाही.

आता तुमच्या मुद्द्यावर येते. व्यसन आहे की नाही, हे गोळी कुठली त्यावर आहे.

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक असल्या साध्या पेनकिलर गोळ्यांची नशा होत नाही, पण त्या मूत्रपिंडावर येतात. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडं रक्त नेणाऱ्या वाहिन्या उघड्या ठेवायचं काम शरीरातली काही द्रव्यं करतात, आणि ही गोळी नेमकी तीच द्रव्यं कमी करते. भट्टीपुढं घाम गाळणारा, लघवीला जायला वेळ नको म्हणून पाणी कमी पिणारा माणूस ती रोज घ्यायला लागला की काय होतं ते मी घरात बघितलंय. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ताची तपासणी, वाढून 2.8 आलं तेव्हा पायाला सूज येऊन दोन महिने झाले होते. त्या सुजेवरसुद्धा ते तीच गोळी घेत होते.

ट्रामाडॉलची गोष्ट वेगळी. ते अफूच्या जातीतलं औषध आहे आणि 2018 च्या एप्रिलपासून एनडीपीएस, म्हणजे नशेच्या औषधांवरच्या कायद्याखाली आहे. याची सवय शरीराला लागते. गोळी चुकली की घाम, नाक वाहणं, जुलाब, पाय स्वस्थ न राहणं, चिडचिड. तुमचं वर्णन वाचून मला हीच शंका आली. अचानक बंद केली तर त्याचे फार हाल होतील आणि परत तो गोळीकडंच जाईल. डोस वाढवत गेला तर फिट येण्याची भीती, तीही वितळलेल्या लोखंडाजवळ. अमेरिकेत 1996 साली ऑक्सिकॉन्टिन नावाची याच जातीची जास्त कडक गोळी बाजारात आली, तेव्हा आधी होरपळले ते वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीतले कोळसा खाणीचे भाग, अंगमेहनतीत पाठ-गुडघे गेलेल्या लोकांचे.

तिसरी म्हणजे कागदाच्या पुडीत बांधून दिलेली, नाव नसलेली गोळी. खाल्ल्यावर दुखणं जादूसारखं जातं, भूक वाढते, काही महिन्यांत चेहरा गोल होतो. तशी असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी, आणि रोज घेतलेलं स्टेरॉइड एका दिवसात तोडणं जिवावर बेतू शकतं.

बायकांचं दुखणं दुपारी येतं. संघाचा, म्हणजे बचतगटाच्या कर्जाचा हप्ता उद्या, आणि आज "ताई, डोळ्याला डोळा लागंना, ती झोपेची बारकी गोळी दे." अशी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्यांच्या वसुलीचा त्रास इतका वाढला की 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. ती बारकी गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही, रजिस्टरला नाव लिहावं लागतं, म्हणून मी नाही म्हणते. ती बाई पुढच्या दुकानात जाते. त्या वेळी मला फार वाईट वाटतं, कारण तिची झोप हप्त्यानं घालवलीय आणि माझ्याकडं त्यावर काहीच नाही.

तर आज रात्री एवढं करा. भावाच्या खिशातली स्ट्रिप बघा. तिच्यावर लाल रंगात 'एनआरएक्स' अशी इंग्रजी अक्षरं असतील, किंवा नावच नसेल, तर स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा, एनआरएक्स असेल तर मानसोपचाराच्या विभागात, नाव नसलेली असेल तर फिजिशियनकडं; तिथं डोस टप्प्याटप्प्यानं उतरवून देतात. जायला संकोच वाटत असेल तर आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करून बोला, पैसे लागत नाहीत. साधी पेनकिलर असेल तर फिजिशियनकडं नेऊन क्रिएटिनिन आणि बीपी तपासून घ्या. कुठंही गेलात तरी बरोबर जा आणि दिवसाला किती गोळ्या ते तुम्ही सांगा, तो निम्म्याच सांगेल.

डोस उतरवताना सुरुवातीचे आठ-दहा दिवस त्याला जड जाणार. त्यातले दोन-तीन खाडे घरानं आधीच धरून ठेवा, त्या शनिवारच्या किराण्यासकट. बाबांच्या वेळी आईनं तेवढे पैसे जोंधळ्याच्या डब्यात बाजूला ठेवले होते. डबा उघडून त्यांना दाखवला, तेव्हा कुठं ते दवाखान्यात यायला तयार झाले.